दवातले गुडघे

सातव्या ग्रीनवर कुणाचे तरी दोन गुडघे आणि दोन पंजे उमटले होते. माझं टाळकंच सटकलं. सकाळच्या दवात मैदानावर पहिलं पाऊल माझं, एवढा एकच मान आहे मला या नोकरीत.

ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत. गोल्फच्या या मैदानाचे सुपरिंटेंडंट आमचे साहेब, आणि मी त्यांची असिस्टंट. म्हणजे पाणी, खत, यंत्रं, माणसं सगळं मी बघायचं आणि साहेबांनी रोज चहा पिता पिता विचारायचं, "सातव्याचा रंग कसा आहे गं?" वर्षभर हीच तोंडी परीक्षा! स्वतः बघून येतील तर शपथ. मीही ठोकून द्यायचे, "हिरवागार, साहेब."

या आठवड्यात मात्र ते खोटं होतं. सातव्याच्या कडेला ताटलीएवढा पिवळा डाग पडला होता आणि रविवारी स्पर्धा. साहेबांना कळलं तर नोकरीच जायची. म्हणून मी गुपचूप पाणी मारत होते आणि तोंडाने हिरवागार म्हणत होते.

आणि आता हे गुडघे, डागापासून जेमतेम दोन हातांवर! कोण नाक खुपसतंय ते बघायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी जाऊन मी पंपाच्या खोलीमागे दबा धरला. आलं कोण? खुद्द साहेब! ग्रीनवर गुडघे टेकून बसले आणि डोळे मिटून गवतावरून हात फिरवायला लागले. हात डागावरून गेला, थांबला, परत मागे आला.

मेले, म्हटलं. पण राहवेना. "साहेब, हे काय चाललंय?"

ते दचकले, मग ओशाळून हसले. "कुणाला सांगू नकोस हं. वर्ष झालं, हिरवं आणि पिवळं मला सारखंच दिसतंय. हाताला इथे खरखरीत लागलं खरं. पण तू हिरवागार म्हणालीस, म्हणजे माझा हातच चुकत असणार."

अगं बाई! म्हणजे ती परीक्षा नव्हतीच. हा माणूस रोज खरंच विचारत होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथेच ओल्या गवतात बसले.

"हात चुकत नाहीये, साहेब. पिवळा आहे. पाच दिवस झाले. मी खोटं बोलत होते."

मग त्यांनी खिशातून सुरी काढून माझ्या हातात दिली.

"माती काप," ते म्हणाले. "मुळं कशी दिसतायत ते सांग. आणि आता नीट बघून सांग."