तिसऱ्या गाण्यातलं बेअरिंग

अल्बम चांगला निघाला. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. कारण त्या सकाळी वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या भावाला ते ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या जिवाला लागलेला घोर आपण आधीच हिरावून घेणं बरं दिसत नाही.

बँड म्हणजे तीन माणसं, चार सिंथेसायझर आणि एक ड्रम मशीन. भाऊ आणि त्याची ताई शाळेपासून त्यांच्या नादी लागलेले. पण सात वर्षांपूर्वी बँडला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, सिंथेसायझर माळ्यावर टाकून त्यांनी लाकडी गिटारींचा अल्बम काढला. त्यात एक गाणं चक्क धबधब्यावर होतं. ताईने त्या दिवसापासून बँडचं नाव टाकलं. भाऊ मात्र "मुरायला वेळ लागतो त्याला" असं छातीठोकपणे सांगत राहिला. खरं तर धबधबा त्याने एकदाही शेवटपर्यंत ऐकला नव्हता. आज सात वर्षांनी त्यांचा नवा अल्बम आला होता. हाही तसाच निघाला, तर आणखी सात वर्षं हसऱ्या तोंडाने खोटं बोलायचं. तेवढा दम आता त्याच्यात उरला नव्हता.

"लाव की," दुकानाच्या काउंटरवरून ताई म्हणाली. "फोनकडे काय बघतोयस, निकाल लागणार असल्यासारखा?"

"आधी बाईंचं मशीन चालवून बघतो."

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. मशीनचा पंप बदलून होईपर्यंत त्या खुर्चीत बसून भावावर लक्ष ठेवून होत्या. भावाने मशीन सुरू केलं आणि धीर करून अल्बमही लावला.

पहिलं गाणं सभ्य होतं. दुसरंही. भाऊ जमिनीकडे बघत राहिला. तिसरं सुरू झालं आणि कुठूनतरी घरघर येऊ लागली, खडी दळल्यासारखी, गोल गोल फिरणारी. भावाने झटक्यात बोर्डाचं बटण बंद केलं. स्पीकरही त्याच बोर्डावर, त्यामुळे सगळंच गप्प झालं.

"बेअरिंग गेलं," तो म्हणाला. असा आवाज बँडचा असेल ही शंकाही त्याला आली नाही. सात वर्षांत त्याने ती आशा सोडली होती.

"पंप बिघडला होता ना?" बाई म्हणाल्या.

"आता दोन्ही."

दीड तासात मशीनचा पट्टा, टाकी, ड्रम असं सगळं जमिनीवर मांडून झालं. बेअरिंग हातात आलं. बोटाने फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं. त्याला काडीचाही रोग नव्हता.

कंटाळून ताईने बोर्ड सुरू केला आणि तिसरं गाणं पुन्हा लावलं. घरघर सुरू झाली. तिघांनी जमिनीवरच्या ड्रमकडे पाहिलं. तो जागचा हलला नव्हता.

मग त्या घरघरीच्या पोटातून सिंथेसायझरचा एक बारीक सूर वर चढू लागला, शिडी न लावता गच्चीवर जाणाऱ्या माणसासारखा. खाली ड्रम मशीनची कोरडी टकटक. गायिका नेहमीच्याच आवाजात गात होती, म्हणजे वीजबिल वाचून दाखवल्यासारखं. भाऊ पाना हातात धरून मटकन खाली बसला. मानेवरून कुणीतरी भरलेलं मशीन उतरवल्यासारखं त्याला वाटलं.

"आता खरं सांग," ताई म्हणाली. "मागचा कसा होता?"

"भिकार."

"आणि धबधबा?"

"विचारू नकोस."

"मला तेव्हाच कळलं होतं. गुणगुणल्याशिवाय तुझ्या हातून स्क्रू फिरत नाही. त्यातलं एक गाणं कधी तुझ्या तोंडी आलं नाही."

"मग सात वर्षं बोलली का नाहीस?"

"किती टिकतोस ते बघत होते."

"मशीन आज मिळणार का?" बाईंनी विचारलं.

मिळालं. जोडणी होईस्तोवर अल्बम दोनदा वाजला, आणि दुसऱ्या फेरीला बाईंचा पायही ताल धरत होता, असं ताई सांगते. बाई नाकारतात.

दुपारी भावाने दुकानाच्या तक्रार अर्जावर बँडला लिहिलं: 'विषय: गाणे क्रमांक तीन. महोदय, आपल्या घरघरीमुळे एक निर्दोष मशीन विनाकारण उघडले गेले. तरी यापुढे असा आवाज काढण्यापूर्वी समस्त मेकॅनिक वर्गास तीन दिवस आधी लेखी कळवावे, आणि सदर बेअरिंगची दुरुस्ती कोणत्याही परिस्थितीत करू नये, ही नम्र विनंती.'