कागदावरचं दुसरं नाव

आमच्या टॅनरी कॉर्नर गावात शिक्का हवा असला की लोक माझ्या दुकानात येतात. खिळे, रंगाचे डबे आणि बर्फ उपसायची फावडी यांच्या मागे एक टेबल आहे, त्यावर माझा नोटरीचा शिक्का असतो. होडी विकली, जमीन वाटली, मृत्युपत्र केलं, की सगळे मर्ल पिंकहमकडे, म्हणजे माझ्याकडे. आमच्या राज्यात नोटरीला लग्नंही लावता येतात. त्यामुळे निम्म्या गावाची लग्नं मीच लावलीत, आणि ज्यांची मोडली ते अजून माझ्याकडे रागाने बघतात. त्याला माझा इलाज नाही.

राजकारणात मी हॅस्कलचा माणूस. सिनेटर एल्डन हॅस्कल तीस वर्षं वॉशिंग्टनला आहे, तिथल्या सगळ्यात वजनदार समितीचा अध्यक्ष आहे, आणि गावात त्याच्याबद्दल एकही माणूस चांगलं बोलत नाही. अकरा वर्षांत तो इकडे फिरकलेला नाही. नाताळला त्याचं कार्ड येतं, त्यावर छापील सही. तरी दर सहा वर्षांनी जूनमध्ये, पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानाला, आम्ही सगळे गुपचूप जायचो आणि त्याच्याच नावापुढचा गोल काळा करून यायचो. कागदावर दुसरं नावच नसायचं. त्याच्यासमोर उभं राहायची पक्षात कुणाची छाती नव्हती. शिवाय नदीवरचा पूल त्याने आणलेला. मी म्हणायचो, माणूस कसा का असेना, तिथे त्याचा शब्द चालतो.

हे ऐकलं की माझी बायको आर्लीन हातातली ताटली जरा जोरात आपटायची.

तिचंही बरोबर होतं. चार वर्षांपूर्वी आमच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला आणि हॅस्कलने बोटसुद्धा हलवलं नाही. पुढच्याच हिवाळ्यात आमची नात माझ्या पिकअपच्या सीटवर जन्मली, पुलापलीकडे दोन मैलांवर, हीटर पूर्ण चालू ठेवून. फोनवर नोएला व्हायोलेट होती, त्या बंद झालेल्या विभागाची मोठी नर्स. आता हे करा, आता थांबा, आता टॉवेल, असं एकेक सांगत तिने ते बाळंतपण पार पाडलं. मी स्टीअरिंग घट्ट धरून बसलो होतो. गाडी उभी होती तरी.

यंदा तीच नोएला हॅस्कलच्या विरुद्ध उभी राहिली.

"आता तरी?" आर्लीनने विचारलं.

"पूल नसता तर आपण नदीच्या अलीकडेच अडकलो असतो," मी म्हणालो.

त्यानंतर आठवडाभर मला गार जेवण मिळालं.

जूनच्या कागदावर नाव यायचं तर पक्षाच्या दोन हजार मतदारांच्या सह्या लागतात, मार्च संपायच्या आत. आमच्या गावातल्या सह्या गोळा करायचं काम आर्लीनने अंगावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच. ग्रेंज हॉलमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या जुन्या सभागृहात, शनिवारी संध्याकाळी सगळ्या गावाचं बीन्सचं जेवण असतं. काकवीत दिवसभर शिजवलेले बीन्स वाढायला गेली तीस वर्षं आर्लीनच उभी असते. तिने बीन्सच्या हंड्याशेजारी सह्यांचे कागद मांडले.

"वाचून सही कर, फ्रँकलिन. उगाच माझ्या भिडेखातर नको."

"भिडेखातर नाही गं, बीन्सखातर."

"मग राहू दे. बीन्स तुला तसेही मिळतील."

आणि फ्रँकलिन चष्मा काढून सगळा कागद वाचायचा, मागे रांग खोळंबली तरी. प्रत्येक सही आर्लीन डोळ्यांसमोर करून घेत होती, कारण शेवटी तिलाच शपथ घ्यायची होती की या सह्या माझ्यादेखत झाल्या. ती शपथ नोटरीसमोर घ्यायची, त्यावर शिक्का, मग नगर कारकून डॉटकडून नावं तपासून घ्यायची, की झालं. चार शनिवारांत एकसष्ट सह्या झाल्या. हॅस्कलला पंचवीस वर्षं मत देणारी माणसं मान खाली घालून सही करत होती. मी ब्रेडच्या टेबलावर उभा राहून बघत होतो आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

मंगळवारी दुकानात रॉस डनहम आला. जिल्ह्यातलं हॅस्कलचं सगळं काम रॉस बघतो. माझी त्याची दोस्ती जुनी आहे. त्याने लाकडात मारायचे स्क्रू घेतले, थोडा वेळ बर्फाबद्दल बोलला, मग टेबलाला टेकून म्हणाला, "काय रे, आर्लीनच्या कागदांवर शिक्का तूच मारणार ना?"

"मीच. दुसरं आहे कोण गावात?"

"मार. खुशाल मार." आणि तो हसला. "बायकोशी कशाला भांडतोस?"

ते हसणं मला खटकलं. रॉस बायकांच्या सुखाची काळजी करणारा माणूस नव्हे. तो गेल्यावर मी खणातलं नोटरीचं पुस्तक काढलं. इतक्या वर्षांत ते उघडायची वेळ आली नव्हती. चौथ्याच पानावर होतं. नोटरीने आपल्या घरच्या माणसाला शपथ देऊ नये. बायको, नवरा, मुलं, कुणालाच नाही. दिली तर तो कागद रद्द.

मी रॉसला फोन लावला. "तुला हे माहीत होतं."

"मर्ल, तुला खोटं काही करायचं नाहीये. ती कागद आणेल, तू शिक्का मारशील. आम्ही हरकत घेऊ, एकसष्ट सह्या बाद होतील. त्या बाईकडे जेमतेम आकडा आहे. तू फक्त काही बोलायचं नाहीस. एवढं तरी करशील की नाही हॅस्कलसाठी?"

मी काही बोललो नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. मंगळवारी रात्री बोललो नाही, बुधवारी सकाळी बोललो नाही, बुधवारी आर्लीन जेवताना एकसष्ट नावं मोठ्याने वाचून दाखवत होती तेव्हाही बोललो नाही. मनात म्हणत होतो, तिने विचारलं तर सांगीन. पण जिला ठाऊकच नाही ती विचारणार काय?

गुरुवारी दुपारी एक वाजता ती दुकानात आली. कागद केकच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले होते, भिजू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी नोएलाची गाडी सगळ्या गावांतले कागद घेऊन राजधानीला निघणार होती. डॉट पाचला कचेरी बंद करते, पाच म्हणजे पाच.

"घे," आर्लीन म्हणाली आणि उजवा हात वर करून उभी राहिली, शपथेसाठी. तो हात बीन्स ढवळून ढवळून मनगटापाशी सुजला होता.

"मी शिक्का मारणार नाही," मी म्हणालो.

रंगाच्या डब्यांपाशी दोन गिऱ्हाइकं होती, ती जागच्या जागी थिजली.

"काय म्हणालास?"

"नाही मारणार."

"त्रेचाळीस वर्षं!" हात अजून वरच होता. "त्रेचाळीस वर्षं मी तुझे मोजे रफू केले. शिक्का तर मारायचाय, मत नाही मागत मी तुझं! इतका त्याच्या खिशात गेलास तू?"

"आर्लीन, ऐक. माझा शिक्का तुझ्या कागदावर चालत नाही. तू माझी बायको आहेस." मी पुस्तक चौथ्या पानावर उघडून तिच्यापुढे सरकवलं. "मी मारला तर सगळे बाद होतील."

तिने वाचलं. दोनदा वाचलं. मग हात खाली घेतला.

"हे तुला कधी कळलं?"

इथे खोटं बोलणं फार सोपं होतं. आत्ताच, असं म्हणायचा अवकाश.

"मंगळवारी."

"आज गुरुवार आहे."

"हो."

तिने पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं. मोज्यांपेक्षा ते मला जास्त लागलं. मी दिवे बंद केले, गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, पिकअपची किल्ली घेतली. "लाँग पाँडच्या वाचनालयात इर्मा गॅन्यों आहे. तिच्याकडे शिक्का आहे. पंचेचाळीस मैल. चल."

बर्फ भुरभुरत होता आणि रस्ता निसरडा होता. आम्ही हॅस्कलच्या पुलावरून गेलो, त्याच्या नावाच्या पाटीखालून. पुढे दोन मैलांवर ती जागा आली, वळणाजवळचं बर्च झाड, जिथे मी त्या दिवशी गाडी उभी केली होती. दोघांनीही तिकडे बघितलं.

"रॉसने सांगितलं होतं गप्प बसायला," मी म्हणालो. "आणि मी बसलो. लाज वाटते."

"वाटायलाच हवी."

"वाटतेय म्हणून तर सांगतोय."

दहाएक मैल तिने मला तसंच ठेवलं. मग डब्याच्या तळातून हॅमचं सँडविच काढलं, त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा माझ्या हातात दिला. त्रेचाळीस वर्षांनंतर मला तिचं एवढं तरी कळतं. मी मुकाट्याने खाल्लं.

इर्मा पुस्तकांच्या कपाटाआड विणत बसली होती. तिने विणकाम ठेवलं, आर्लीनला हात वर करायला सांगितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही जरा लांब उभे राहा हो. नवरे शेजारी असले की बायकांचा आवाज बदलतो."

"हिचा नाही बदलत," मी म्हणालो, पण लांब जाऊन उभा राहिलो. आर्लीनने शपथ घेतली. आवाज खणखणीत होता. तेरा कागद, तेरा शिक्के. मी तिथून मोजले.

परत येताना मी हळू चालवली, तिने घड्याळाकडे बघायचं बंद केलं. पाचला सात मिनिटं कमी असताना आम्ही डॉटच्या दारात होतो. डॉटने कोट घातला होता. तिने आमची तोंडं बघितली, कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाली, "आण इकडे. घाई केली तर चुकेन, म्हणून घाई करणार नाही." सहा वाजून गेले तरी ती एकेका नावापुढे खूण करत होती. आयुष्यात पहिल्यांदा डॉटने कचेरी उशिरा बंद केली.

नोएलाने दोन हजार बासष्ट सह्या दिल्या. रॉसच्या लोकांनी हरकती घेतल्या, जेवढ्या सापडतील तेवढ्या. एप्रिलमध्ये निकाल आला: दोन हजार अकरा पक्क्या. आमच्या एकसष्ट नसत्या तर तिचं नाव कागदावर आलंच नसतं.

रॉसचा फोन आला. "तू शिक्का मारला नाहीस."

"नाही."

"तीस वर्षं आपला माणूस होतास तू, मर्ल."

"होतो," मी म्हणालो. "पण तीस वर्षांत तुम्हाला माझी गरज एकदाच पडली, आणि ती ह्यासाठी."

त्याने फोन ठेवला. स्क्रू आता तो दुसरीकडून घेतो.

मेच्या दुसऱ्या शनिवारी ग्रेंज हॉलच्या बाहेर काळी गाडी थांबली आणि सिनेटर एल्डन हॅस्कल उतरला. अकरा वर्षांनी. सोबत दोन मदतनीस होते, पायांत कोरे करकरीत बूट. हॉलमधल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. तो थेट पुढे निघाला होता, तेवढ्यात आर्लीन म्हणाली, "रांग तिकडे संपते, सिनेटर." तो मागे गेला आणि फ्रँकलिनच्या मागे कागदी ताटली धरून उभा राहिला. मला वाटतं, इतक्या वर्षांत तो कुठल्याच रांगेत उभा राहिला नसावा. पण राहिला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

त्याची पाळी आली तेव्हा आर्लीनने त्याला सगळ्यांना वाढते तेवढेच बीन्स वाढले.

"बाळंतपणाच्या विभागाचं काय?" तिने विचारलं.

"त्यावर आमचं काम चालू आहे."

"कधीपासून?"

त्याने मदतनिसाकडे बघितलं. "गेल्या महिन्यापासून."

सगळा हॉल हसला. अगदी पोट धरून हसला. आणि गंमत म्हणजे तोही हसला, कारण खरं तेच होतं.

मग तो ब्रेडच्या टेबलापाशी, माझ्यासमोर आला. मदतनिसाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

"मिस्टर पिंकहम," तो म्हणाला आणि हात पुढे केला. हात म्हातारा होता. "जूनमध्ये मला तुमचं मत हवं आहे. मी ते मागायला आलोय."

तीस वर्षं मी या माणसाला मत देत आलो होतो आणि त्याने ते आज पहिल्यांदा मागितलं. मी त्याचा हात हातात घेतला. ब्रेडचे दोन तुकडे त्याच्या ताटलीत ठेवले, वर लोणी ठेवलं.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

हे तीन शब्द म्हणायला मला तीस वर्षं लागली, आणि म्हणताना इतकं बरं वाटेल असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. पलीकडे बीन्सचा डाव आर्लीनच्या हातात तसाच हवेत राहिला होता. मग तिने तो हंड्यात बुडवला आणि पुढच्या माणसाला वाढायला घेतलं.