जित्या माणसांची भिंत

आमच्या गावच्या वाचनालयात दक्षिणेची भिंत मेलेल्यांची. देणगी देऊन वारलेले शेटजी, जुने अध्यक्ष, जुने मास्तर, सगळे तिथे तसबिरींत बसलेले, गळ्यात सुताचे हार. जिवंत माणसाची तसबीर त्या भिंतीला चुकूनही लागत नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांना दिशांचं काही सोयरसुतक नाही, पण वाचनालय गावाचं, तेव्हा रीतही गावाचीच.

लढाई संपून वर्ष उलटलं होतं. त्या हिवाळ्यात वाचनालयाचे चिटणीस बन्सीशेठ यांनी चित्रांचं प्रदर्शन भरवायचं काढलं. कापडाच्या दुकानात बसून बसून माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. चित्रं आमच्या ड्रॉइंगच्या गोरक्षनाथ मास्तरांची, विषय ‘आपल्या गावची माणसं’. मास्तरांनी वर्षभर घरोघरी जाऊन कारभारी पैलवान काढला, राहीबाई सुईण काढली, आणि कुणी सांगितलं नसताना माझ्या नवऱ्याचं, गिदोनचंही चित्र काढलं. आमच्या लग्नातला फोटो आणि सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, केलेलं वर्णन, यावरून.

गिदोन फौजेत ड्रायव्हर होता. सिंगापूर पडलं तेव्हापासून बेपत्ता. कैदेत सापडलेले सुटून आले, त्याच्याबरोबरचा राहुरीचा योसेफसुद्धा आला. हा आला नाही. देवळात पाळकसाहेब दर रविवारी प्रवासात असलेल्यांसाठी प्रार्थना करत, त्यात गिदोनचं नाव घेत. पाच वर्षांचा प्रवास. मी मान खाली घालून आमेन म्हणायचे आणि सोमवारी मिशनच्या शाळेत पाढे घ्यायचे. मला काही वाटत नसे. हाताला मुंग्या येऊन तो बधिर होतो, मग चिमटा काढला तरी कळत नाही, तसं.

चित्र कुठल्या भिंतीला लावायचं, यावर कमिटीत घोंगडं भिजत पडलं. शेवटी बन्सीशेठ शाळेत आले.

“बाई, तुम्हीच सांगा. आमच्याच्यानं ठरत नाही.”

मला तो गेला हे कुणाच्या तरी तोंडून एकदाचं ऐकायचं होतं. सरकार सांगेना, पाळक सांगेनात. पण मी ‘दक्षिणेला लावा’ म्हणाले असते, तर आत्याबाईंच्या लेखी त्यांच्या सुनेनं त्याला मारला असता. म्हणून मी म्हणाले, “आत्याबाईंना विचारा.”

मरियमबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगणात तूर पाखडत होत्या. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, “जित्या मान्सांत लावा.”

झालं. गिदोन पूर्वेच्या भिंतीवर, पैलवान आणि सुईणीच्या मधे लागला.

उद्घाटनाला सारं गाव लोटलं. जो तो आपल्याच चित्रासमोर उभा. कारभारी पैलवान मास्तरांना म्हणत होता, “मास्तर, मिशी लई बारीक केली राव तुमी.” राहीबाई पदर तोंडाला लावून हसत होती. त्या दोघांच्या मधे माझा नवरा खाकीत उभा होता. नाक त्याचं होतं, डोळे मास्तरांनी अंदाजाने घातले होते. आत्याबाई पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या, मी त्यांच्या मागे.

पाहुणे नगरहून आलेले वकील. बन्सीशेठनी त्यांना झेंडूचा भलामोठा हार घातला. आता भल्या माणसाने गळ्यात पडलेला हार गळ्यात ठेवायचा नसतो, तो लगेच काढायचा, जमलं तर दुसऱ्या कुणाला घालायचा. वकील भलेच होते. त्यांनी हार काढला, इकडे तिकडे पाहिलं, खाकीतला शिपाई त्यांना दिसला. “या हाराचा खरा मानकरी हा,” असं म्हणून त्यांनी तो गिदोनच्या चित्राला घातला.

कुणी टाळी वाजवली नाही. बन्सीशेठ अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. पाहुण्याने घातलेला हार काढायचा कसा? वकिलांना काही कळलंच नाही, ते भाषणाला लागले.

भाषण संपलं आणि माणसं चित्रं पाहायला उठली. पहिली राहीबाई पुढे झाली. गिदोन तिच्याच हातांवर जन्मला होता. ती चित्रासमोर थांबली, तिने हात जोडले. तिच्यामागून पैलवानाने पागोटं काढलं. मग एकेक जण येत गेला. कुणी फूल ठेवलं, कुणी नुसतीच मान लववली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मी ते पाहत राहिले आणि मला काहीही वाटलं नाही. त्या काही न वाटण्याचाच मला राग आला.

गर्दी पांगली तेव्हा आत्याबाई उठल्या. बन्सीशेठ हात जोडत पुढे आले. “मावशी, पाहुणे बाहेरगावचे. त्यांना ठाऊक नव्हतं.”

“पाव्हण्याला ठाऊक न्हवतं,” आत्याबाई म्हणाल्या. “गावाला तर हुतं. सारं गाव हात जोडून गेलं.” मग मास्तरांकडे वळून म्हणाल्या, “काढा त्येला हितनं. तिकडं लावते, त्या भिंतीला.”

मास्तरांनी चित्र उतरवलं. लावायलाही तेच निघाले होते, पण आत्याबाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं. मी स्टूल सरकवलं. त्या वर चढल्या. म्हाताऱ्या माणसाचे पाय, स्टूल डुगडुगायला लागलं, म्हणून मी खाली बसून ते धरलं.

“रेबा,” त्या वरूनच म्हणाल्या, “तुला कवापासनं ठाऊक हाय?”

खोटं बोलावंसं वाटलं नाही. “योसेफ भेटायला आला होता तेव्हापासून. ‘येईल गिदोन’ म्हणाला, पण आपल्या तोंडाकडे बघेना.”

“मला बी तवाच कळलं.”

त्यांनी चित्र खिळ्यात अडकवलं, तिरपं होतं ते सरळ केलं. पण खाली उतरल्या नाहीत.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“तू वाट बघतीस आसं वाटलं मला. म्हनलं, पोरगी त्याच आशेवर हाय, ती कशाला मोडा.”

वर्षभर आम्ही एका चुलीवर रांधून एकमेकींसाठी त्याला जिवंत ठेवला होता. मी त्यांच्यासाठी आणि त्या माझ्यासाठी.

“आता रड माय,” त्या म्हणाल्या. “आता कुनासाठी थांबायचं न्हाई.”

त्यांच्या डोळ्यांचं पाणी माझ्या हातांवर टपटप पडत होतं. मला रडू आलं नाही. मी स्टूल धरून बसले होते, आणि त्या उतरेपर्यंत मला ते सोडता येणार नव्हतं.