टाकीवरचा आकडा

लव्हॉनने तिजोरी काउंटरपासून वीतभर उचलली आणि हात सोडून दिला. ठक्क आवाज झाला आणि झाकण आपसूक वर उडालं.

"बटणांना हात लावला मी? सांग ना, लावला?"

मर्लने चष्मा कपाळावर चढवला. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा. आता गावातल्या एकुलत्या एका दुकानाचा मालक होता, आणि बूट, खत, कुत्र्याचं खाणं, बंदुका, सगळं त्याच्याकडेच मिळायचं. पुस्तकाएवढी ही तिजोरीही त्याच्याकडूनच घेतलेली होती. आकडा दाबला की उघडते, एका हातात मावते, पिस्तूल उशाशी राहतं आणि पोरांच्या हाती लागत नाही, असं त्यानेच तोंड भरून सांगितलं होतं.

"अगं, अशी आपटायला नसते ती."

"हे सहा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? तू येणार होतास सांगायला?"

"बोल्टने पक्की करायची असते, लव्हॉन. पुस्तिकेत लिहिलंय. चार बोल्ट येतात सोबत."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिचं डोकं आणखी फिरलं. ते चार बोल्ट अजून न फोडलेल्या पिशवीत, तिच्या नवऱ्याच्या खणात पडले होते. रविवारी बसवतो, रविवारी बसवतो, असं डेल वर्षभर म्हणत होता, आणि ती दर आठवड्याला त्याच कपाटातली धूळ पुसत होती. तिलाही दिसत होतंच की.

"बरं, माझी बिघडलेली आहे असं धर. नवी काढ," ती म्हणाली.

मागे पेरणीयंत्राचा पट्टा घ्यायला आलेला एक शेतकरी उभा होता. त्याने टोपी खाली ओढली आणि उगाच हातमोजे बघायला लागला. मर्लने नाइलाजाने फळीवरून नवा खोका काढला, बॅटऱ्या घातल्या, सवयीने चार बटणांचा आकडा बसवला आणि तोच दाबून पाहिला. एक, नऊ, सात, नऊ. आतून बारीक घर्र आवाज आला आणि झाकण उघडलं.

"बघ. कशी लोण्यासारखी चालते."

"आकडा कुठला घातलास?"

"कुठला म्हणजे? आपलाच."

"मी सांगितला तुला?"

"त्यात विचारायचंय काय? अख्खं गाव तोच घालतं."

दुकानाच्या काचेतून पाण्याची टाकी दिसत होती. ती मक्याच्या शेतांतून कुठूनही दिसते. तिच्यावर माणसाच्या उंचीएवढ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, राज्य विजेते १९७९. त्या साली शाळेच्या पोरांनी फुटबॉलचं राज्य विजेतेपद जिंकलं, त्यानंतर कशातच काही जिंकलं नाही. डेल त्या संघात होता, आणि मर्लही होता, राखीव का होईना. चव्वेचाळीस वर्षं झाली, तरी बियर प्यायला बसले की तोच सामना.

लव्हॉनने नवी तिजोरी बंद केली, उचलली, सोडली. काही झालं नाही. पुन्हा सोडली, तरी नाही. मर्लचे खांदे सैल पडले. तो काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिने तिसऱ्यांदा सोडली. ठक्क. झाकण उघडलं.

हातमोजेवाला शेतकरी काही न घेता बाहेर निघून गेला.

"पैसे परत देतो तुझे," मर्ल हळू आवाजात म्हणाला.

"चुलीत घाल ते पैसे. मला कागदावर लिहून दे. ही तिजोरी आकडा न दाबता उघडते, एवढं एकच वाक्य. खाली सही कर."

"लिहून कसं देऊ?"

"हाताने दे. पेन्सिल आहे ना कानावर?"

"तसं नव्हे गं. कंपनीचा माणूस म्हणाला, कुणाची तक्रार आली तर मुकाट्याने बदलून द्या, पण लिहून काही देऊ नका..."

तो मधेच थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्याही लक्षात आलं.

"तक्रार आली होती तर," लव्हॉन म्हणाली. "कधी?"

मर्ल काउंटरवरची नसलेली धूळ तळव्याने पुसत राहिला.

"कधी, मर्ल?"

"मार्चमध्ये एक. एप्रिलमध्ये एक."

"आमच्याकडे झालं मे महिन्यात. म्हणजे दोन महिने तू मूग गिळून बसलास आणि वर विकत राहिलास. लाज कशी वाटली नाही रे तुला? रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर बसतोस!"

"अगं, मला वाटलं, एखाददुसरी खराब निघते..."

"वाटलं म्हणे!"

तिने आपली तिजोरी काखोटीला मारली आणि दार ढकललं. गाडीत बसताना तिने एकदा मागे पाहिलं. मर्ल नव्या तिजोरीतल्या बॅटऱ्या काढत होता. मग त्याने ती नीट खोक्यात घातली आणि खोका फळीवर जिथल्या तिथे ठेवून दिला. तिने कचकचीत शिवी हासडली. आजवर तिच्या तोंडून गावात कुणी शिवी ऐकली नव्हती.

लिंकन शहरापर्यंत दोन तासांचा रस्ता. तिथे तिची मुलगी केरी राहते, आणि केरीची ब्रिन.

मे महिन्यातला तो शनिवार लव्हॉनला पाठ होता. ब्रिन सुट्टीला आली होती. कपाटातला पत्त्यांचा डबा काढायला गेली आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. दोन्ही हातांत पिस्तूल, ताट धरावं तसं आडवं धरलेलं. "आजी, हे पडलं," ती म्हणाली. डेलने झडप घालून ते काढून घेतलं. ते भरलेलं होतं. लव्हॉनच्या हातातलं पीठ अजून हातातच होतं.

मग सुरू झाली उलटतपासणी. आकडा तुला कुणी सांगितला? कुणी नाही. मग उघडली कशी? डबा ओढला, ती पडली, उघडली. खोटं बोलू नकोस. मी खोटं नाही बोलत आजी. अगं, लोखंडाची तिजोरी अशी पडून उघडेल? आकडा गावभर रंगवलेला, आणि पोर आकडे वाचायला शिकली तीच मुळी त्या टाकीवरून. गाडीतून येताना दर खेपेला ती मोठ्याने वाचायची आणि डेल टाळ्या वाजवायचा. मग शंकेला जागा कुठे होती?

लव्हॉनने कधी पोरांवर हात उगारला नव्हता, याचा तिला फार अभिमान. त्या दिवशीही उगारला नाही. तिने ब्रिनला टेबलापाशी खुर्चीवर बसवलं आणि खरं सांगेपर्यंत उठायचं नाही, असं बजावलं. समोर ताज्या कोलाच्यांचा, म्हणजे गोड बनपावांचा ट्रे होता, मधोमध जर्दाळूचा गर भरलेल्या, तिच्या आजीच्या हातच्या चवीच्या. ब्रिनचा जीव होता त्यांच्यावर. "खरं सांगितलंस की मिळेल," लव्हॉन म्हणाली. दोन तास पोर बसली. एकदा रडली, एकदा शू लागली म्हणाली, तेव्हा तेवढ्यापुरतं सोडून पुन्हा आणून बसवली. शेवटी खाली मान घालून म्हणाली, "मी आकडे दाबले. टाकीवर पाहिले होते." लव्हॉनने तिला जवळ घेतलं, पापा घेतला, आणि सगळ्यात मोठी कोलाची तिच्या हातात ठेवली. शहाणी माझी बाय, असंही म्हणाली. त्या शब्दांवर आता तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती.

केरी त्याच संध्याकाळी पोरीला घेऊन गेली. तुमच्या घरात पुन्हा पाठवणार नाही, म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. पण जाताना तिने ब्रिनलाही झापलं. बंदुकीला हात लावलास ते लावलास, वर आजीशी खोटं बोललीस?

गेल्या मंगळवारी लव्हॉन कपाटात व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होती. नळी फळीला लागली. तिजोरी, रिकामी, खाली पडली आणि उघडली. लव्हॉन आधी बघतच राहिली. मग तिथेच जमिनीवर बसून तिने ती पुन्हा पाडली, पुन्हा पाडली. दहातून सात वेळा उघडली.

डेलला दाखवलं तर तो म्हणाला, "कबूल केलंय ना पोरीने? मग आता कशाला उकरून काढतेस?"

"कबूल केलं कारण आपण करायला लावलं!"

"आकडा तर बरोबर सांगितला ना तिने."

"आकडा गाईगुरांनाही माहीत आहे डेल! तुझ्या त्या मेल्या सामन्यापायी!"

तो बाहेर ट्रॅक्टरशी खुडबुड करायला गेला. नेहमी तसाच जातो.

केरीने दार उघडलं, पण वाटेतून बाजूला झाली नाही. तिची नजर आधी आईच्या काखेतल्या तिजोरीवर गेली.

"हे इथे आणलंस? आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"रिकामी आहे. पिस्तूल तुझ्या काकाकडे आहे, तिथेच राहणार. पाच मिनिटं दे. तुझ्यासाठी नाही आले मी, तिच्यासाठी आलेय."

केरीने तिला आत घेतलं. ब्रिन गालिच्यावर रंगवत बसली होती. पुढचा एक दात पडला होता. आजीला पाहून ती उठून धावत आली नाही. तिने खडू नीट डबीत ठेवला आणि हात मांडीवर घेऊन ताठ बसली. लव्हॉनने बरोबर आणलेला कोलाच्यांचा पांढरा खोका स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, आणि गुडघे कुरकुरत होते तरी पोरीसमोर खाली बसली.

"ब्रिन, आजी तुला एक दाखवते. बघ हं."

तिने तिजोरी बंद केली आणि गालिच्यावर सोडली. धप्प आवाज झाला. झाकण मिटलेलंच. पुन्हा सोडली, तरी मिटलेलंच. ब्रिन एकदा तिजोरीकडे, एकदा आईकडे बघत होती.

"आई, पुरे झालं," केरी म्हणाली.

"पुरे नाही झालं! ही मेली इथेही खोटं पाडते मला." लव्हॉन तणतणत उठली, स्वयंपाकघरातल्या फरशीवर गेली आणि तिथे सोडली. ठक्क. झाकण उडालं.

ब्रिन दचकली. केरीचा हात तोंडावर गेला.

"परत कर," केरी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

लव्हॉनने परत केलं, आणि पुन्हा उघडली. मग केरीने स्वतः उचलून सोडली. तिच्याही हातून उघडली. ती तशीच खाली वाकलेली राहिली.

"तीन आठवडे," ती कुजबुजली. "तीन आठवडे मी तिला रोज सांगतेय, खोटं बोलायचं नाही म्हणून."

"तू काय, मी काय. पाप माझं आहे." लव्हॉन पुन्हा पोरीसमोर येऊन बसली. तिने ब्रिनचे दोन्ही हात धरले. ते गार होते. "ऐक राणी. ती आपोआप उघडली होती. तू म्हणालीस तशीच. तू पहिल्यापासून खरं सांगत होतीस. आजी चुकली. आजोबा चुकले. दुकानदार तर फारच चुकला, त्याला मी आज झाडून आलेय. तू काही दाबलं नव्हतंस. हो की नाही?"

ब्रिनने जिभेने पडलेल्या दाताची जागा चाचपली.

"बोल ना बाळा. आता कुणी रागावणार नाही."

पोरीने आजीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. आजीचे डोळे लाल झाले होते, ओठ थरथरत होते, मानेवरची शीर अजून तटतटलेली होती. ब्रिनने मान खाली घातली.

"नाही आजी. मीच दाबले."

"ब्रिन..."

"एक, नऊ, सात, नऊ. टाकीवर पाहिले होते." ती शाळेत कविता म्हणतात त्या सुरात म्हणाली. "परत नाही करणार."

केरी हुंदका दाबत खिडकीकडे वळली. लव्हॉनने तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. सकाळपासून मर्लसाठी, डेलसाठी, सगळ्या गावासाठी तिच्याकडे ढीगभर शब्द होते.

मग ब्रिनने डोळ्याच्या कोपऱ्यातून ओट्यावरच्या पांढऱ्या खोक्याकडे पाहिलं.

"आता मिळेल?" तिने विचारलं.