निम्म्या गोळ्या

"हळू घे बे, दवाई हाय, सिमिट न्हाई!" केंद्राचा शिपाई हरिओमनं टेम्पोवाल्याला दम दिला आणि खोकी उतरवायला स्वतःच पुढं झाला. एचआयव्हीच्या औषधकेंद्राच्या पायरीवर उभ्या असलेल्या ऋतुजाला किती तरी दिवसांनी हसू आलं.

दिवाळीच्या आधीपासून माल नव्हता. वर कुठं तरी खरेदीची निविदा अडकली होती. फार्मसीची पदवी घेऊन या खिडकीत बसताना ऋतुजाला काम सोपं वाटलं होतं: माणसं मोजायची, गोळ्या मागवायच्या. आता शेजारच्या जिल्ह्यांना फोन करून डब्या उसन्या आणायच्या आणि महिन्याच्या डबीऐवजी आठवड्यापुरत्या गोळ्या पाकिटात घालून द्यायच्या, हेच काम उरलं होतं.

खोक्यावरची मुदत तिनं दोनदा वाचली. मग बाकावर बसलेल्या कडूबाईला हाक मारली.

कडूबाई धनगराची विधवा. नवरा याच आजारानं गेला. सध्या तिची मेंढरं तेलगावच्या शिवारात बसली होती, तिथून ती दर खेपेला न चुकता येई. तरीही गेल्या आठवड्यात तिच्या रक्ताचा अहवाल वाईट आला होता. वर्षानुवर्षं न सापडणारा विषाणू आता भरपूर सापडला होता. ऋतुजानं सगळ्या शक्यता तपासल्या. उन्हानं औषध बिघडलं? नमुन्यांची अदलाबदल झाली? तिला काही केल्या उलगडा होत नव्हता.

"मावशी, एक विचारू? गोळी रोज घेता ना?"

"रोज. सांजच्याला, भाकरी खाल्ल्यावर. देवाची आण."

"एकही दिवस चुकली नाही?"

"अगं, न्हाई म्हंते ना! पोलिसावानी काय इचारतीस?" कडूबाई हसली आणि कमरेची चंची काढून टेबलावर उलटी केली. सुपारीच्या चुऱ्यासोबत लांबट पांढऱ्या गोळ्यांचे तुकडे घरंगळले. सगळे अर्धे, कडा चुरलेले, काही दमटून पिवळे पडलेले.

"हे काय?"

"ठिवलतं तुझ्यासाठी. आता माल आला म्हंतेत, तर हेबी त्यात घाल." कडूबाईनं आवाज खाली आणला. "रब्बीच्या पेरणीच्या वक्ताला तू फोनवर रडायलतीस. ती पोटुशी पोर हितं बसलेली, तिला चारच गोळ्या दिल्त्यास. म्या बघितलं. म्हनलं, आपलं निम्म्यात भागतंय."

"गोळी कापलीत? कशानं?"

"लोकर कातरायच्या कातरीनं. मेंढरांची दवा कमी पडली की आमी समद्यांला निम्मी निम्मी पाजतो. एकीला पुरी आन दुसरीला कायच न्हाई, असं करतेत व्हय?"

ऋतुजा तुकड्यांकडं बघत राहिली. याचा आलेख तिनं कॉलेजात काढला होता. रक्तातलं औषध एका रेषेखाली उतरलं की विषाणू मरत नाहीत. तगतात ते औषधाला सरावतात. ती रेष तिनं लाल पेन्सिलीनं आखली होती.

"मावशी, निम्मी गोळी म्हणजे निम्मा आराम नसतो. आजार पुन्हा वाढलाय तुमचा."

"काहून? पोटात तर जातच व्हती की."

ऋतुजानं जमेल तसं सांगितलं. आजपासून पूर्ण गोळी घ्यायची, काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.

"आन पुरी घेतल्यावर उतरंल?"

"उतरायला हवा. पण तो या गोळीला सरावला असेल, तर दुसरं औषध मागवावं लागेल."

"मागवायचं," कडूबाई म्हणाली. "म्हंजी पुन्हा तू फोनवर रडनार."

दारात हरिओम शेवटचं खोकं घेऊन उभा होता. त्यानं ते हळूच खाली ठेवलं.

"ती पोर आलती का पुन्हा?" कडूबाईनं विचारलं.

"नाही."

"मंग हे तुकडे तिला..."

"कुणालाच देता येत नाहीत, मावशी."

कडूबाईनं मान डोलावली. ऋतुजानं तिच्यासमोर तीन भरलेल्या डब्या ठेवल्या. कडूबाईनं एकेक झाकण उघडलं, ओच्यातून लोकरीचा पुंजका काढून आत दाबला, झाकण घट्ट लावलं. मग डबी कानाशी धरून हलवून पाहिली. गोळ्या वाजल्या की सोबतच्या बाया कसल्या म्हणून विचारतात.

ती डब्या ओच्यात घालून उठली. दारापर्यंत जाऊन वळली.

"तुला तरास झाला ना गं माझा?"

ऋतुजाला मान हलवून नाही म्हणायचं होतं. पण ती टेबलावरचे तुकडे मोजू लागली.