लुक्सचा निरोप

ओबरत्साइल गावात त्या वसंतात एकच विषय होता: लुक्स बंद कधी होणार? लुक्स म्हणजे गावच्या कारखान्यात बनणारी, सहा सिलिंडरची, हाताने गिअर टाकायची, बुटकी आणि सतत गुरगुरणारी गाडी. तिच्या जागी विजेवरची गाडी येणार, हे ठरलं होतं. कधी, ते कारखाना सांगत नव्हता. ‘यथावकाश कळवू’ एवढंच उत्तर मिळायचं. मग ते काम गावाने अंगावर घेतलं. न्हाव्याकडे जुलै ऐकू यायचा, औषधाच्या दुकानात नाताळ, आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर थेट पुढचा ईस्टर.

इतरांना ती करमणूक होती. फोल्कमार राप याला मात्र प्रत्येक तारखेला धाप लागायची. तो ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा, म्हणजे जन्मभर उजव्या सीटवर बसायचा. पायाखाली जादाचा ब्रेक आणि डावीकडे स्टिअरिंगला लटकलेलं कोणीतरी घामाघूम. निवृत्त होताना स्वतःसाठी एक लुक्स घ्यायची, तीही पिवळीधमक, असं त्याने ठरवलं होतं. नोंदणी केली होती. पण त्याची गाडी उन्हाळी सुट्टीनंतर बनायची होती. लुक्स त्याआधीच संपली, तर संपलीच.

गुरुवारी दुपारी ‘हिर्श’ खानावळीत नेहमीची मंडळी बिअर घेऊन बसली होती. एवढ्यात इंजिन विभागातून निवृत्त झालेला एबरहार्ट धापा टाकत आत आला.

“ट्रे निघाले!”

सगळे उठून उभे राहिले. एखादं मॉडेल संपलं की शेवटच्या दिवशी, म्हणजे नेहमी शुक्रवारी, कारखान्यात कामगारांसाठी भला मोठा केक जायचा, आणि तो गुडरुन फाइटच्या बेकरीत बनायचा. गुडरुन कधी कोणाला काही सांगायची नाही. पण तेवढा केक तिच्या ट्रेमध्ये मावत नसे. अग्निशमन दलाच्या हॉलमधले लांब ट्रे मागून आणावे लागत, आणि ते रस्त्यावरून जाताना सगळ्या गावाला दिसत.

“तू स्वतः पाहिलेस?” फोल्कमारने विचारलं.

“माझ्या पायावर एक पडला. अजून काय पुरावा हवाय तुला?”

फोल्कमार अर्धी बिअर टाकून बेकरीत पोचला. गुडरुन त्याचीच विद्यार्थिनी. चौथ्या परीक्षेत पास झालेली.

“गुडरुन, पुढच्या शुक्रवारी ब्रेड आहे ना?”

“नाही सर. शुक्रवारी सकाळी दुकान बंद.”

“का?”

“तुम्ही रिव्हर्स शिकवत होतात तेव्हा मी विचारलं का, का म्हणून?”

“दर वेळी विचारलंस. म्हणूनच तीनदा नापास झालीस.”

ती खो खो हसली. “प्रेट्झल देऊ?”

“केक केवढा आहे ते सांग. गाडीएवढा?”

“मीठ लावलेला देऊ की बिनमिठाचा?”

प्रेट्झल घेताना त्याचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. नखांपर्यंत पिवळी. खाण्याचा रंग. लुक्सच्या प्रत्येक जाहिरातीत गाडी पिवळीच असते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.  फोल्कमारने दुकानाबाहेर येऊन तिथूनच विक्रेत्याला फोन लावला.

“मला वरून काहीच कळवलेलं नाही,” विक्रेता म्हणाला. “पण एक गिऱ्हाईक ऐन वेळी मागे फिरलंय. त्याची गाडी सोमवारी लाइनवर चढते आहे. तुमची नोंदणी तिच्यावर वळवू शकतो. संध्याकाळपर्यंत सांगा.”

“रंग?”

“करडा.”

फोल्कमारने घरी येऊन बायकोला, रोस्विथाला, सगळं सांगितलं. ती बागेत मुळ्याचे वाफे खुरपत होती.

“पिवळी, पिवळी म्हणून वर्षभर डोकं खाल्लंस माझं,” ती म्हणाली. “बेडरूमच्या भिंतीला लावून पाहिलास तो रंग. मी अजून त्या भिंतीकडे पाठ करून झोपते. आणि आता करडी?”

“पिवळीची वाट पाहिली आणि ती बनलीच नाही तर?”

“मग घे ना करडी! विचारतोयस कोणाला? मला बाजूला बसायचंय, एवढंच ठाऊक आहे मला.”

त्याने करडी घेतली. फोन ठेवला आणि एकदम स्वयंपाकघरात जाऊन रोस्विथाला उचलून गरकन फिरवलं. दोघं जाऊन फ्रिजवर आदळली.

पुढच्या शुक्रवारी सकाळी कारखान्याच्या फाटकासमोर सगळं गाव लोटलं. बोलावणं कोणालाच नव्हतं. अग्निशमन दलाचा बँड आला होता. जुन्या लुक्सवाल्यांनी रांग लावून इंजिनं घुमवायला सुरुवात केली होती आणि बँडला स्वतःचंच काही ऐकू येत नव्हतं. एबरहार्ट काळा कोट घालून आला. एका उलट्या क्रेटवर चढून त्याने निरोपाचं भाषण ठोकलं आणि ‘सहा सिलिंडर’ या शब्दांवर त्याला रडू फुटलं. त्याला पाहून पहिली रांगही रडली.

गुडरुनची गाडी आली. एवढी गर्दी पाहून तिने इतका करकचून ब्रेक दाबला की फोल्कमारचा उजवा पाय आपोआप जमिनीवर आपटला.

“हे सगळे माझ्या केकसाठी?” तिने विचारलं.

कारखान्यातून पांढऱ्या डगल्यांतले रंगकाम विभागाचे लोक गात गात बाहेर आले. त्यांनी केकवरचं कापड ओढलं. केक पिवळाजर्द होता. पण तो गाडीचा नव्हता. भला मोठा रंगाचा डबा होता आणि त्यावर क्रीमची काळी फुली.

“पिवळा बंद!” त्यांचा म्होरक्या ओरडला. “तीन-तीन हात मारा, तरी खालचं दिसतं! वर पुढच्या प्रत्येक गाडीवर ठिपके! आजपासून सुटलो बाबांनो!”

बँड मध्येच थांबला.

“आणि लुक्स?” एबरहार्टने नाक पुसत विचारलं.

“लुक्स चालू आहे की. निदान वर्षभर तरी. तुम्ही काळा कोट का घातलाय?”

आधी कोणीतरी फिस्सकन हसलं. मग ते हसू फाटकापासून पार बसथांब्यापर्यंत पसरलं. रडलेले लोक जास्त जोरात हसत होते. एबरहार्ट म्हणाला की भाषण चांगलं होतं, वर्षभराने पुन्हा चालेल. फोल्कमार मात्र बोटांवर हिशेब मांडत होता. लुक्स बंद नाही, म्हणजे घाई करायची गरज नव्हती. पण पिवळा बंद, म्हणजे थांबूनही पिवळी मिळणार नव्हतीच.

“मग मी गमावलं काय?” त्याने रोस्विथाला विचारलं.

“आठवडाभराची झोप. माझीसुद्धा,” ती म्हणाली आणि केकचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला.

पुढच्या आठवड्यात त्याला करडी लुक्स मिळाली. फोल्कमार डावीकडे बसला. त्याने सीट जुळवली, तिन्ही आरसे जुळवले, खांद्यावरून मागे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पन्नासच्या वेगाने एका ट्रॅक्टरच्या मागोमाग अदबीने गाव सोडलं. महामार्गावर चढायच्या वळणावर त्याने इंडिकेटर दिला, शांतपणे दुसरा गिअर टाकला. उजव्या सीटवर रोस्विथा ताठ बसली. याच वळणावर आयुष्यभर तो शिकाऊ पोरांच्या कानात अ‍ॅक्सिलरेटर दाबायला ओरडत आला होता.

“गॅस!” ती ओरडली. “पाय दे, राप! झोपलास का? गॅस!”

फोल्कमारने पाय दिला. दोघांची डोकी सीटवर आपटली. पुढच्या फाट्यापर्यंत दोघंही एकच आवाज काढत होती. तो ओरडण्याचा होता की हसण्याचा, ते इंजिनामुळे कळत नव्हतं.