गंगीची नेमणूक

मे महिन्यात तालुक्याहून साहेब आले आणि तांड्यात पुराचा सराव झाला. नाल्यात तेव्हा पाणी नव्हतं, म्हणून पाणी आहे असं समजायचं ठरलं. कामं वाटली गेली. कोणी दवंडी द्यायची, कोणी म्हातारे उचलायचे, बाकीच्यांनी टेकडीवरच्या शाळेत जाऊन ओळीत बसायचं. घरात अडकलेलंही कोणीतरी लागत होतं. तांड्याचा नायक भीमसिंग याने गंगीचं नाव घेतलं. तिचं मातीचं घर नाल्याला लागून, आणि गुडघे आधीच कामातून गेलेले.

‘बोट येईस्तोवर बाजेवरून उठायचं नाही,’ भीमसिंगने तिला चारचौघांत बजावलं. तांड्यात नायकाचा शब्द नायकच मागे घेतो. बोट ट्रॅक्टरवरून आली, तीही दोन तासांनी. गंगी तोवर पाणी प्यायलाही उठली नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पुढे महिनाभर घरी येईल त्याला ती हे सांगत होती.

जुलैत नाला खरोखरच आला, सकाळी दहाच्या सुमारास. सराव कामी आला हे कबूल केलं पाहिजे. दवंडी झाली, म्हातारे उचलले गेले, ओळ बसली. गंगीचा मुलगा देवसिंग बायकापोरांना शाळेत सोडून आईला आणायला उतरला. घरात पाणी गुडघ्याला लागत होतं. गंगी बाजेवर, आधार कार्डाची पिशवी मांडीवर घेऊन.

‘याडी, चाल. पाठीवर घेतो.’

‘बोट आली का?’

‘बोटीचं सोड. पानी पाह्य किती चढलं.’

‘नायकानं बसवलं मले, सगळ्यायसमोर. मी उठली तर उद्या कोन आयकन त्याचं?’

त्याने तिच्या काखेत हात घातले, तर तिने बाजेच्या कडेचं लाकडी गातं घट्ट धरलं आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. चाळिशीचा माणूस, पण आईची बोटं सोडवायची त्याची छाती झाली नाही. नायकाचा शब्द आणतो म्हणून तो पळत सुटला.

चिखलातून टेकडी चढायला दहा मिनिटं लागली. भीमसिंग माणसं मोजत होता. ऐकून त्याचा चेहरा उतरला. पण शब्द मुळात साहेबांचा, आपण फक्त तो बोलून दाखवला, असं म्हणून त्याने साहेबांना फोन लावला. साहेब पुराच्याच बैठकीत होते. तिसऱ्यांदा दुसऱ्याच कोणीतरी उचलला आणि बोट निघाली आहे, कोणालाही नेमलेल्या जागेवरून हलवू नका, असं सांगितलं. देवसिंग समोर उभाच होता. शेवटी भीमसिंगने फोन खिशात टाकला.

‘सांग तिले, नायकानं सोडलं म्हना. चाल, मीच येतो.’

दोघे धावत उतरले. ज्या वळणावरून गंगीच्या घराचे पत्रे दिसतात, तिथून नुसता नाला दिसला.

गंगी तिसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याला अडकलेली सापडली. साहेब भेटीला आले. त्यांना अहवाल लिहायचा होता, म्हणून सूचनांचं पालन झालं का, असं त्यांनी एकेकाला विचारलं. झालं, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. देवसिंगची पाळी शेवटी आली.

‘पानी गुडघ्याइतकं होतं तवा मी घरातच होतो,’ तो म्हणाला. ‘युरियाची बॅग मी एकट्यानं उचलतो, साहेब. याडी त्याच्याहून हलकी होती.’

मग उचललं का नाही, असं साहेबांनी विचारलं.

‘इचाराले गेलतो.’